रविवारी जड वाजणारी कॅसेट

९ फेब्रुवारी १९८६, रविवार

जॉन आला! मामेभाऊ असावा तर जहाजावरचा. काल पेटी उघडली तेव्हा मामीला साबण, आयला चॉकलेटं आणि मला चौदा कॅसेटी. सगळ्या रॉक आणि मेटल, सगळ्या ८५ सालच्या. जगाचं ८५ संपून महिना उलटला, आमच्या सांडोरात ते आज सुरू होतंय. उशीर झाला म्हणून काय झालं, पंगतीत शेवटी बसणाऱ्यालाही पोटभर मिळतं.

ही वही त्यासाठीच घेतली. सेबेस्टियन आणि मी दर वर्षी आपापले दहा अल्बम ठरवतो आणि मग बसून भांडतो. सेबेस्टियन शाळेपासूनचा दोस्त, आता बँकेत लागलाय, टाय लावतो, पण कान शाबूत आहेत. यादी पावसाआधी बंद करायची हा नियम, कारण पाऊस लागला की कॅसेटींना बुरशी धरते आणि वीज टिकत नाही. म्हणजे मे अखेरपर्यंत मुदत. त्यात तीन दिवसांवर राखेचा बुधवार. तो आला की उपवासकाळ सुरू, मग ईस्टरपर्यंत आय डेकला हात लावू देणार नाही. मला हेडफोन नाही, म्हणून आज दिवसभर हावरटासारखं ऐकून घेतलं.

टिन बिशपचा 'नाईट शिफ्ट' जबरदस्त, सध्या एक नंबर. व्हल्चर स्ट्रीटवाल्यांचं ठीक. कोल्ड फर्नेसच्या 'लाँग हॅमर'वर मोठी आशा होती, पण बाटलीत भुंगा कोंडल्यासारखं वाजतं. घाई, नुसती घाई. आठवा नंबर दिला तोही दयेने.

जेम्सदादा जेवताना म्हणाला, "पत्र्यावर नारळ पडतायत असं वाटलं." बाबा गेल्यापासून वाडी तोच बघतो. केळी, वांगी, विहीर, पंप, सगळं त्याच्या डोक्यावर. मी माणिकपूरला वकिलाच्या ऑफिसात टायपिस्ट, वाडीत माझा उपयोग शून्य. तेव्हा तो बोलला तर ऐकून घ्यावं लागतं.

१६ मार्च, रविवार

चर्चमधल्या मोठ्या मिस्सेनंतर, म्हणजे रविवारच्या मुख्य प्रार्थनेनंतर, गाव क्रुसाजवळ जमला. क्रूस आमच्या घरासमोरच, त्यामुळे सुटका नव्हती. विषय टँकरचा. नालासोपाऱ्याला बिल्डिंगी उठतायत आणि त्यांना पाणी नाही. म्हणून टँकरवाले गावागावांत फिरतायत, विहिरी उपसून नेतायत. पलीकडच्या एका गावात तीन विहिरी खाऱ्या झाल्या म्हणे.

शेजारचे फर्डिनंडकाका बोलायला उभे राहिले. त्यांची पानवेल आहे, ती पोटच्या पोरीसारखी जपतात. म्हणाले, "जमिनीच्या वर कुंपणं असतात, बाबांनो. खाली नसतात. एकाने ओढलं की दहा जणांचं जातं, आणि रिकाम्या जागेत दर्या शिरतो. एकदा शिरला की तो पाहुणा परत जात नाही."

मग प्रत्येक घरच्या कर्त्याने क्रुसावर हात ठेवून शपथ घेतली, पाण्याचा थेंब विकणार नाही. आमच्या घरचा जेम्सदादा. हात ठेवला, काढला आणि पँटला पुसला. क्रुसाला नुकताच चुना लावला होता.

मी तेवढ्या वेळात मनातल्या मनात 'नाईट शिफ्ट'चे ड्रम वाजवत होतो. देव क्षमा करो.

३० मार्च, ईस्टर

आलेलुया, आलेलुया आणि आणखी एकदा आलेलुया!

जेम्सदादाने मला स्पीकर आणलेत. दोन. माझ्या कमरेपर्यंत येतील एवढे. टेम्पोतून उतरवले तेव्हा मला वाटलं लग्नाच्या मंडपवाल्याचा पत्ता चुकला. "हे कोणाचे?" तर म्हणाला, "तुझे. लाव काय लावायचं ते. तरुण माणूस तू, चोरून कशाला ऐकतोस?" मला रडू यायचं बाकी होतं. इतकी वर्षं 'पत्रे, पत्रे' करणारा माझा भाऊ! आय म्हणाली, "कशाला एवढा खर्च?" तर तिच्यावर खेकसला. ईस्टरच्या दिवशी तरी खेकसायला नको होतं.

एक अट घातली, तीही शहाणपणाची. रविवारी मोठ्या मिस्सेच्या वेळी गाव रिकामा असतो. मी तर पहाटेच्या पहिल्या मिस्सेला जाऊन येतो. तेव्हा ती वेळ माझी. "फुल्ल लाव," म्हणाला, "कोणाला त्रास नाही. फक्त वाडीकडच्या खिडक्या बंद ठेव, आवाज घुमतो चांगला." ध्वनिशास्त्र शिकला कुठे हा गडी!

६ एप्रिल, रविवार

चमत्कार झालाय. शांतपणे लिहितो.

मोठ्या मिस्सेची घंटा झाली, गाव चर्चला गेला. वाडीकडच्या खिडक्या लावल्या आणि सहज म्हणून, स्पीकरची परीक्षा म्हणून 'लाँग हॅमर' लावला. पहिलं गाणं तसंच, भुंगा. दुसरं सुरू झालं आणि मधेच कोणीतरी त्या गाण्याच्या खांद्यावर गोणी ठेवली. गिटारी खाली उतरल्या. गाणाऱ्याचा आवाज छातीतून यायला लागला. सगळं संथ, जड, काळं. माझ्या हातावर काटा आला. आणि तिथून शेवटच्या गाण्यापर्यंत तेच वजन!

फेब्रुवारीत मी याला आठवा नंबर दिला? माझ्या कानांना तेव्हा काय झालं होतं? चूक स्पीकरांची, जुन्या डबड्यातून काय कळणार. अल्बम मुरावा लागतो, लोणच्यासारखा. दुसऱ्या क्रमांकावर घेतलाय.

जेम्सदादा मोठ्या मिस्सेला गेलो म्हणाला, पण परत आला तेव्हा पायाला चिखल होता. मी विचारलं तर म्हणाला, वाटेत घसरलो.

९ एप्रिल, बुधवार

सेबेस्टियनला घरी आणून संध्याकाळी 'लाँग हॅमर' ऐकवला. शोभा झाली. भुंगा! तोच फेब्रुवारीतला भुंगा!

"हा तुझा दुसरा नंबर?" सेबेस्टियन टाय सैल करत म्हणाला. "अरे, ह्यांना गाडी पकडायची घाई आहे."

"रविवारी असं नव्हतं. रविवारी जड होतं."

"मग रविवारी तुझं डोकं जड असेल. नाहीतर डेक बिघडलाय, टेप हळू फिरतेय. बेल्ट बदल."

माझा डेक बिघडलाय! मी आत्ता हेड स्पिरिटने पुसला, बेल्ट तपासला. डेक ठणठणीत आहे. संध्याकाळी आवाज बारीक ठेवावा लागतो, आय माळ जपत असते, त्यामुळे वजन कळत नाही, एवढंच. मोठ्या आवाजाशिवाय मेटल म्हणजे मीठ नसलेलं कालवण.

२० एप्रिल, रविवार

एक नंबर. ठरलं. टिन बिशपला खाली ढकललं.

आता मला कोल्ड फर्नेसची युक्ती कळलीय. पहिलं गाणं ते मुद्दाम उथळ ठेवतात आणि दुसऱ्याच्या मध्यावर खाली ओढतात. सलग तिसरा रविवार, जागा जवळपास तीच. आज त्या क्षणी इतका गुंगलो की डोक्यावरचा पंखासुद्धा हळू झाल्यासारखा वाटला. ह्याला म्हणतात अल्बम.

जेम्सदादाला सांगितलं तर म्हणाला, "असाच वाजवत जा." हसला नाही. हल्ली तो हसत नाही आणि जेवतही नाही धड. मुलगी बघायचा विषय काढला तर ताटावरून उठला.

२४ एप्रिल, गुरुवार

पाचूबंदरची लुईझा कोळीण मासळी घेऊन आली. ती आमच्याकडे टोपली उतरवते, विहिरीचं पाणी पिते आणि मग पुढे जाते, हे मी लहान होतो तेव्हापासून. आज एक घोट घेतला आणि थुंकली.

"बाय," आयला म्हणाली, "तुमच्या पान्याला आमच्या दर्याची चव आली गो."

आय म्हणाली, तुझ्या तोंडातच मीठ आहे. लुईझा म्हणाली, "माझ्या तोंडाला खारं-गोडं कलत नाय? मी समिंदरावर जगते." टोपली उचलली आणि उरलेलं पाणी नेहमीसारखं केळीच्या बुंध्यात ओतायचं सोडून रस्त्यावर ओतलं. आयला ते लागलं.

चहा मलाही चार दिवस विचित्र लागतोय. मी समजत होतो आय साखरेत हात आखडतेय. केळीच्या पानांच्या कडा करपल्यात, विस्तवावर धरल्यासारख्या. फर्डिनंडकाकांची पानवेल खालून पिवळी पडतेय. ते संध्याकाळी कुंपणाजवळ उभे होते, पान हातात घेऊन. मला बघून म्हणाले, "प्लासिड, तुझी ती भुतं पानवेलीला मानवत नाहीत रे." थट्टेत म्हणाले. पण पान त्यांनी खिशात ठेवलं, फेकलं नाही.

२ मे, शुक्रवार

ऑफिसातून येताना घराच्या वळणावर जीप उभी होती. आत एक गॉगलवाला माणूस, दात घासल्यासारखी काडी चघळत. मला नावाने हाक मारली. मी त्याला ओळखत नाही.

"प्लासिड ना तू? गाणी वाजवतोस तो?" मी हो म्हणालो. खूश झालो खरं तर, वाटलं कॅसेटी मागेल. म्हणाला, "मस्त वाजवतोस. वाजवत राहा. भाऊ घरी आहे? नाही? मग त्याला निरोप दे. म्हणावं, रविवार म्हणजे रविवार. मधेच सुट्टी नसते."

निरोप दिला. जेम्सदादा केळीचे कंद निवडत होता, हात थांबले. विचारलं कोण माणूस, तर म्हणाला भाजीचा व्यापारी. भाजीच्या व्यापाऱ्याला माझं नाव काय माहीत? आणि रविवारी आपण वाडीत कुदळदेखील उचलत नाही. बाबा सांगायचे, रविवारी मातीलाही विसावा. गावात कुणाचाच पंप रविवारी चालत नाही, व्यापाऱ्याला काय द्यायचं त्या दिवशी? पण दादाला जास्त विचारलं की तो उठून जातो.

११ मे, रविवार

दुपारी फर्डिनंडकाका आले. कुंपणावरून नाही, दारातून, चपला काढून. मी म्हटलं झालं, आज संगीताची तक्रार.

तक्रार नव्हती. म्हणाले, "तुझे कान चांगले आहेत म्हणून तुला सांगतो, गावाला सांगू नको. मी विहिरीत चुन्याची खूण केलीय. आठवडाभर पाणी शिंपणानंतर उतरतं आणि भरतं. पण रविवारी मी पंपाला हात लावत नाही, तरी मिस्सेहून आलो की पाणी गुडघाभर खाली. सोमवारी वर येतं, पण येतं ते खारट. दगडांमागची रेती सुटायला लागलीय."

मला हसू आलं. म्हटलं, "काका, विहीरही मिस्सेला जात असेल."

ते नाही हसले. "कोणीतरी ओढतंय. कुठून, ते वरून कळत नाही. खाली उतरून भिंतीला कान लावला तर कुठल्या अंगाला चाललंय ते कळेल. पुढच्या रविवारी मी मिस्सा सोडणार आहे." पेन्टेकॉस्टच्या रविवारी, एवढ्या मोठ्या सणाला, मिस्सा सोडणार! हा माणूस तापातसुद्धा बायकोचा, सालोमीमावशीचा, हात धरून चर्चला जातो. "सालोमीला सांगितलेलं नाही, ती परवानगी देणार नाही. तू एवढं कर, त्या दिवशी तुझं ते बंद ठेव. मला पाणी ऐकायचंय."

मी कबूल केलं. काका जाताना म्हणाले, "एरवी वाजव हो. सालोमीला तर सवय झालीय." गोड माणूस.

१३ मे, मंगळवार

जेवताना गंमत म्हणून दादाला सांगितलं, फर्डिनंडकाका विहिरीच्या भिंतीला कान लावणार, डॉक्टरसारखे. आय हसली. दादाने पाण्याचा तांब्या उचलला आणि न पिता ठेवला. "कधी?" "रविवारी, मिस्सेच्या वेळी." "म्हातारा चळला," एवढंच म्हणाला.

गावाला सांगू नको म्हणाले होते काका. पण दादा म्हणजे काही गाव नव्हे.

१७ मे, शनिवार

दादा म्हणाला, "मी काकांशी बोललो. ते राहू दे म्हणाले, उतरत नाहीत. तू उद्या लाव बिनधास्त."

बरं झालं! कारण उद्याच यादी बंद करायची होती. सेबेस्टियन परवा यादी मागणार, आणि 'लाँग हॅमर' शेवटचा एकदा पूर्ण आवाजात ऐकल्याशिवाय एक नंबरवर शिक्का मारणं म्हणजे साक्षीदार न तपासता निकाल देणं. वकिलाच्या ऑफिसात राहून एवढं शिकलोय.

काकांना एकदा विचारून यावं असं मनात आलं होतं. पण ते पानवेलीत होते आणि मला आंघोळ करायची होती.

१८ मे, रविवार, पेन्टेकॉस्ट

सकाळी: यादी बंद! एक, कोल्ड फर्नेस, 'लाँग हॅमर'. आज कधी नव्हे इतका जड वाजला. दोनदा लावला. दुसऱ्यांदा तर पहिल्या सुरापासूनच जड. भिंतीवरचा बाबांचा फोटो हलत होता.

रात्री: फर्डिनंडकाका गेले.

विहिरीची आतली भिंत कोसळली. ते खाली होते. सालोमीमावशी मिस्सेहून आली तर काठावर चपला.

२० मे, मंगळवार

काल माती दिली. दगड काढायला पाच माणसं लागली. काका बसलेले सापडले, एक हात वर. फादर म्हणाले, प्रभूच्या दिशेने. काढणाऱ्यांपैकी एकजण हळूच म्हणाला की लगेच गेलेले नाहीत, नखांत माती होती.

ते उतरले. राहू दे म्हणाले होते ना? मग उतरले कसे?

सालोमीमावशी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. रडत नव्हती. म्हणाली, "प्लासिड, तू घरी होतास. गावात तू एकटाच होतास. त्यांनी हाक मारली असेल ना रे? तुला ऐकू आली का?"

मी म्हणालो, "नाही मावशी."

"नाही आली असेल," ती म्हणाली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. मलाच धीर देत होती.

जेम्सदादाने शवपेटीला खांदा दिला. आय म्हणते, गावात असा पोरगा नाही.

२५ मे, रविवार

सुतकाचा गाव. कोणी मोठ्याने बोलत नाही. मोठ्या मिस्सेच्या वेळी मी घरी एकटा. दादा ह्या वेळेस खरंच चर्चला गेला, मी त्याला जाताना पाहिलं.

स्पीकर नको वाटत होते. पण मनात एक घाण विचार चार दिवस घोळत होता, तो जाईना. आवाज अगदी बारीक केला आणि 'लाँग हॅमर' लावला. बारीक आवाजाने वजन कळत नाही, म्हणून मग वाढवला. नंतर आणखी वाढवला, देवा, फुल्ल केला.

भुंगा. दुसऱ्या गाण्यातही भुंगा, तिसऱ्यातही, शेवटपर्यंत. रविवार आहे, तीच वेळ, तीच कॅसेट, तेच स्पीकर. पंखा गरगर फिरत होता.

सेबेस्टियनचं वाक्य आठवलं. टेप हळू फिरतेय.

२७ मे, मंगळवार

ऑफिसला दांडी मारली. रोज मी गेल्यावर दादा केळीला पाणी सोडतो, त्यामुळे पंप चालू असताना मी डेक कधी लावलेलाच नाही. आज खाटेवर पडून राहिलो, ताप आहे सांगितलं. पंपाचा आवाज यायच्या आधी 'लाँग हॅमर' लावला. आय ओरडली, सकाळी सकाळी भुतं नकोत. तेवढ्यात वाडीतून पंप गुरगुरला आणि गाणं बसलं. गिटारी खाली, गाणाऱ्याचा आवाज छातीतून, पंखा हळू. माझा एक नंबर.

आमच्या घरातली वीज पंप ओढतो, म्हणून टेप आणि पंखा दोन्ही हळू फिरतात. बस, एवढंच. कोल्ड फर्नेसने काही केलेलं नाही.

वाडीत गेलो. दादा पाटावर वाकला होता. मागच्या कुंपणात बांबू सरकवलेले, रस्त्यावर जाड चाकांचे माग. मी इतके रविवार मागच्या खिडक्या लावून बसलो होतो! मी म्हटलं, "दर रविवारी?"

तो सरळ झाला. खोटं बोलला नाही, हेच जास्त लागलं. "ईस्टरपासून. पावसापर्यंतच, असं ठरलं होतं."

"क्रुसावर हात ठेवलास तू."

"ठेवला. आधी शब्द टँकरवाल्यांना दिला होता, मग क्रुसाला. मी मधे नको म्हटलं त्यांना, प्लासिड. ते म्हणाले, नाही म्हणशील तर गावात येऊन तुझं नाव सांगू."

"आणि काका? राहू दे म्हणाले होते ना?"

"मी काकांशी बोललोच नाही." खाली बसला. "मला वाटलं तुझा आवाज चालू असला की म्हाताऱ्याला खाली काही ऐकू येणार नाही, तो कंटाळून वर येईल. घरी जाईल. त्याने जायला हवं होतं रे. एवढ्या आवाजात कोण बसतं विहिरीत?"

मी सांगितलं कोण बसतं. ज्याला मी बंद ठेवीन असा शब्द दिला होता, तो. वाट बघत बसला असेल, आता बंद करेल, मग बंद करेल.

दादा म्हणाला, "आता तुला आणि मलाच माहीत आहे." धमकी नव्हती त्यात. लहानपणी काच फोडल्यावर म्हणायचा तसं म्हणाला.

पंप बंद करायला दोघांपैकी कोणालाच सुचलं नाही. पाणी पाटावरून वाहत राहिलं, करपलेल्या केळींकडे.

१ जून, रविवार

आज लिहावं लागेल. झोप तशीही येणार नाही.

मिस्सेनंतर गाव काकांसाठी क्रुसाजवळ प्रार्थनेला जमला. प्रार्थना झाल्यावर वडीलधारे बोलले, विहीर जुनी होती, देवाची इच्छा, सगळ्यांनी आपापल्या विहिरी बांधून घ्या. माना हलल्या. जेम्सदादाही मान हलवत होता. सालोमीमावशी खुर्चीत बसली होती. कोणालातरी म्हणाली, "हाक मारल्याशिवाय राहणारा माणूस नव्हता हो तो. साधं पान तोडलं तरी मला हाक मारायचा."

मला ते सहन झालं नाही. मी बोललो. म्हटलं, "मावशी, काका मला सांगून गेले होते. मी विहिरीत उतरणार, तुझं बंद ठेव. मी कबूल केलं आणि वाजवलं. फुल्ल वाजवलं." आयने तोंडावर हात ठेवला. पुढचं माझ्या जिभेवर होतं आणि मी दादाकडे बघितलं आणि ते बाहेर येईना. सख्खा भाऊ. बाबांच्या मागे त्यानेच मला शिकवलं.

म्हणून घरात गेलो, स्पीकर खिडकीत ओढले आणि 'लाँग हॅमर' लावला.

लोक खवळले. "लाज आहे का?" "सुतकात?" दोन जण खिडकीकडे धावले. सालोमीमावशी म्हणाली, "थांबा. वाजू दे. त्यांनी शेवटी काय ऐकलं ते मला ऐकायचंय."

सगळे थांबले. भुंगा वाजत होता. मी खिडकीत उभा राहून दादाकडे बघत होतो आणि तो माझ्याकडे. मी म्हणालो, "मावशी, त्या दिवशी असं नव्हतं वाजत. ह्याहून जड वाजत होतं. का ते मला सांगता येत नाही." गावाला काही कळलं नाही. एकालाच कळलं.

पहिलं गाणं संपलं. दुसरं सुरू झालं. जेम्सदादा उठला. टोपी डोक्यावर ठेवली, परत काढली, आयच्या मांडीवर ठेवली आणि केळीतून मागे निघून गेला. मला वाटलं पळाला. खरं सांगतो, बरंही वाटलं.

मग गाणं बसलं. गिटारी उतरल्या, आवाज छातीतून यायला लागला, माझ्या मागे पंखा मंदावला. गाव नुसता बघत राहिला, हे काय झालं म्हणून.

सालोमीमावशी खुर्चीतून उठली, ओट्यावर आली, खिडकीतून हात आत घालून डेकवर बटण शोधायला लागली. तिला कुठलं ते कळेना. मी तिचं बोट धरून बटणावर ठेवलं. तिने दाबलं.

मग पंप ऐकू आला. वाडीच्या पार टोकाकडून, धडधड धडधड, रविवारी, क्रुसापर्यंत स्पष्ट. एवढा मोठा आवाज. अख्ख्या गावाने ऐकला.